नापास पावत्या

१

काकांच्या डोक्यावर चार घाव होते. पहिल्यानेच काम तमाम झालं असावं, उरलेले तीन कुणीतरी निव्वळ त्वेषानं घातले होते.

सकाळचे सव्वादहा झाले होते. पार्किंगच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आपली जुनी पांढरी गाडी आणि चार महिन्यांपासून बंद पडलेली लिफ्ट यांच्या मधल्या जागेत काका उताणे पडले होते, पाय लिफ्टच्या मिटलेल्या दाराशी, आणि त्या दाराच्या उंबऱ्यावर रक्ताचा अर्धाच थेंब होता. काका म्हणजे करसल्लागार. समोरच्या इमारतीत त्यांचं कार्यालय होतं, आणि रोज दहाला ते याच जागी गाडी लावत. आज ते वेळेवर आले नाहीत, म्हणून त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काम करणारी बाई बघायला आली. अशील तिला पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत, कारण एकही खडा तिच्या हातून खाली जात नसे. तिला हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

चाळणीनं प्रेत पाहिलं, पण त्याआधी तिला दिसला तिचा धाकटा भाऊ. तो खाली गाड्यांना पावत्या फाडायचं काम करी. काकांशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

“ताई, ओरडणं ऐकू आलं म्हणून धावत आलो. उचलायला गेलो गं,” तो म्हणाला.

तिच्या मागोमाग दहाबारा ड्रायव्हर वर आले होते. काका त्यांची विवरणपत्रं फुकट भरून देत, त्यामुळे त्यांचा काकांवर जीव. आणि नेमकं तेव्हाच, काय बोलतोय याचं भान यायच्या आत, चाळणीच्या तोंडून निघून गेलं, “काल तू म्हणाला होतास, यांचं डोकं फोडीन.”

ती हळूच बोलली होती. पण एका ड्रायव्हरनं ऐकलं आणि पुढच्याला सांगितलं, आणि मग सांगायची गरज उरली नाही. त्यांनी धाकट्याला उतारावरून तीन मजले फरफटत खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावर त्याचा जबडा मोडला, पहिल्यावर बरगड्या. खाली पोचल्यावर कुणीतरी त्याच्या पावत्यांच्या खोपटाला काडी लावली. कोणती गाडी किती वाजता आली आणि कधी गेली, हे ज्या वहीत लिहिलेलं होतं ती वहीसुद्धा त्यात खाक झाली. चाळणी घसा फाटेपर्यंत “सोडा त्याला, सोडा” म्हणत होती. तिचं पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, हे दुसरं कुणालाच ऐकू गेलं नाही.

पोलीस आले तेव्हा तो शुद्धीत नव्हता. त्याला स्ट्रेचरवर घातलं आणि मनगटाला बेडी अडकवली. इन्स्पेक्टरनं टोपी काढून कपाळ पुसलं.

“साक्षीदार ढीगभर आहेत, बाई,” तो म्हणाला. “पण पहिलं बोट दाखवलं ते सख्ख्या बहिणीनं. याहून जास्त मला काय हवं?”

२

भांडणाचं कारण ऐकलं असतं तर परक्या माणसाला हसू आलं असतं. पार्किंगचा मालक धाकट्याची मोटारसायकल तिथे ठेवू देई, पण त्याचं भाडं पगारातून कापून घेई. धाकट्याच्या डोक्यात आलं की हा खर्च प्राप्तिकरातून वजा व्हायला हवा. काल दुपारी तो ऐटीत कार्यालयात आला आणि काकांना म्हणाला, मी कामासाठीच पार्किंग करतो, कामाच्याच जागी करतो, माझं कामच मुळी पार्किंग आहे. हे कामाचं पार्किंग नाही, तर कुणाचं आहे?

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी त्याला समजावलं. घरून कामाच्या जागी येणं हा ज्याचा त्याचा खासगी मामला, तिथल्या पार्किंगची वजावट मिळत नाही. धंदेवाला माणूस आपल्या कामाच्या जागेवरून गिऱ्हाइकाकडे गेला आणि तिथे गाडी लावली, तर तो खर्च धंद्याचा. दंड झाला तर तो कधीच वजा होत नाही. “तू पार्किंगमध्ये नोकरी करतोस म्हणून कायदा तुझ्यासाठी वाकायचा नाही, बाळा.”

धाकटा मुळात तापट. त्यात चार अशिलांसमोर हसं झालेलं. तो काय बोलला ते सगळ्यांनी ऐकलं.

“पण हत्यार कुठाय?” चाळणीनं इन्स्पेक्टरला विचारलं. “काकांची बॅग कुठाय? तो वर धावत गेला आणि त्याच्या मागोमाग मी पोचले.”

इन्स्पेक्टरनं मान्य केलं की गच्चीपासून गटारापर्यंत सगळं धुंडाळलं, एकूणएक गाडी उघडून पाहिली, हत्यार मिळालं नाही. बॅगही नाही. पण मिळेल. चार वाजता तो तिचा जबाब टाइप करून आणणार होता. तिची सही झाली की धाकट्यावर खुनाचा गुन्हा नोंदला जाणार आणि दवाखान्यातून त्याची रवानगी तुरुंगाच्या इस्पितळात होणार. तिथे मोडक्या बरगड्या घेऊन गेलेले किती परत येतात, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

“सही नाही केली तर?”

“तर सकाळी खोटं का बोललात, ते लिहून द्या.”

ती खोटं बोलली नव्हती, हीच तर पंचाईत होती.

कार्यालयात येऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. विवरणपत्रं भरायचा आजचा शेवटचा दिवस. काकांनी सकाळची वेळ दिलेल्या तिघा अशिलांना तिनं फोन करून दुपारी बोलावलं. कारण काल संध्याकाळी निघताना काका तिला म्हणाले होते, “उद्या तिघांपैकी एकाला मी नापास करणार आहे, पोरी. आणि हा पावतीपुरता नापास होऊन सुटायचा नाही.” कोण ते त्यांनी सांगितलं नाही. माणसाच्या तोंडावर बोलल्याशिवाय त्याच्या माघारी बोलायचं नाही, हा त्यांचा जन्माचा हट्ट.

‘नापास’ हा त्यांचाच शब्द. प्रत्येक धंदेवाल्या अशिलानं पार्किंगची पावती जपायची आणि त्याच दिवशी तिच्या मागे लिहायचं: कुठे गेलो, काय काम केलं, किती वेळ लागला. काका वर्षाच्या शेवटी तो गठ्ठा घेऊन बसत. वजावटीला पात्र असेल तिच्यावर लाल पेन्सिलीची खूण करत. नसेल तिच्या मागे फुली मारून बाजूला एका शब्दात कारण लिहीत. पास झालेल्या पावत्या बॅगेत ठेवत. नापास झालेल्या कार्यालयातल्या पत्र्याच्या डब्यात, कारण अशील भांडायला आला की त्या काढून दाखवता येत.

बॅग गायब होती. डबा जागेवर होता.

तिनं झाकण उघडलं. आत रबर लावलेले तीन गठ्ठे होते.

३

पहिली आली विमेवाली. विमा विकणारी ही बाई पन्नाशीची, आवाज खणखणीत, घसरून पडल्यामुळे उजवा हात तीन आठवड्यांपासून प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. बसल्या बसल्या ती रडली आणि रडता रडता म्हणाली की सकाळच्या मारात तिनंही दोन लाथा घातल्या. हात गळ्यात होता म्हणून पाय वापरला. आपण कुणाच्या बहिणीशी बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिचं रडणं थांबलं.

चाळणीनं तिचा गठ्ठा सोडला. बहुतेक फुल्यांपुढे ‘घर’ असं लिहिलं होतं. विमेवाली रोज आपल्याच ऑफिसच्या दारात गाडी लावी आणि वर्षभराच्या त्या पावत्या भाबडेपणानं जोडत असे. मात्र दहा पावत्यांपुढे ‘खासगी’ लिहिलं होतं. सगळ्या गुरुवारच्या, सगळ्या एकाच हॉटेलच्या. मागे तिच्या अक्षरात ‘गिऱ्हाईक, तीन तास’.

“काकांनी हे तुमच्या यजमानांना सांगितलं असतं, अशी भीती होती का?”

विमेवालीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि नखं आत रुतेपर्यंत दाबलं. “त्या म्हाताऱ्याचं डोकं मीच फोडायला हवं होतं,” ती दातओठ खात म्हणाली. “चार महिने मला टोचत होता. पोरी, खासगी ते खासगी ठेव, वजावटीत घालू नकोस, म्हणे.”

मनगटातून रक्त आलं तरी चाळणीनं हात ओढला नाही. ती त्या हाताचा जोर अजमावत होती. राग भरपूर होता, पण डाव्या हातानं, तोल सांभाळत, असे चार घाव या बाईला जमले नसते. तिच्या लाथा मात्र धाकट्याला लागल्या होत्या. ती गेल्यावर चाळणीनं मनगटाला रुमाल बांधला आणि दुसरा गठ्ठा पुढे ओढला.

दुसरा आला सजावटवाला. लोकांची घरं सजवून देणारा हा गडी दारात मावत नसे आणि रागात तर घरातही मावत नसे. मागल्या वर्षी त्यानं काकांवर खुर्ची उगारली होती. त्याच्या गठ्ठ्यावर एकच शब्द शंभरदा होता: ‘दंड’. त्याचं म्हणणं असं की फर्निचर उतरवायचं तर गाडी दाराशीच लावावी लागते, म्हणजे चुकीचं पार्किंगही कामासाठीच झालं, मग दंड कामाचा का नाही? काकांनी त्याला दहा वर्षं तेच उत्तर दिलं होतं. चाळणीनंही तेच दिलं.

त्यानं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि तिच्या कानाजवळून भिंतीवर भिरकावला. काचा तिच्या केसांत आल्या.

“सकाळी दहाला कुठे होतात?” केस झटकत तिनं विचारलं.

तो एकदम शरमला. खिशातून त्यानं एक चुरगळलेला कागद काढला. दोन गल्ल्या पलीकडे वाहतूक पोलिसांनी त्याच्या गाडीच्या चाकाला कुलूप ठोकलं होतं. सव्वादहाची वेळ, पोलिसाचा शिक्का आणि खाली त्याची स्वतःची सही. आज तो काकांना विचारणार होता, काकांकडेच येताना झालेला दंड तरी चालेल का? एवढं बोलून तो दांडगा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

तो गेला तेव्हा साडेतीन वाजले होते. तिसऱ्या गठ्ठ्यात फक्त बारा पावत्या होत्या. बाराही पावत्यांवर फुली होती, आणि एकीच्याही पुढे कारण नव्हतं.

४

गठ्ठा लिफ्टवाल्याचा होता. हा माणूस इमारतींच्या लिफ्टची देखभाल करी. सौम्य, नखं स्वच्छ, बोलणं अदबशीर. काकांच्या अशिलांत हा नमुना म्हणून दाखवायच्या लायकीचा. त्याच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या, मागचा मजकूर वळणदार अक्षरात. बाराही पावत्या एकाच दवाखान्याच्या, महिन्याला एक. प्रत्येकीमागे तेच: ‘लिफ्ट तपासणी व तेलपाणी, दोन तास.’

गिऱ्हाइकाची जागा, धंद्याचं काम. नियमानं या पावत्या डोळे झाकून पास व्हायला हव्यात. काकांनी चौदा वर्षांत एकदाही नियम सोडून फुली मारली नव्हती. आणि शब्दाऐवजी इथे फक्त आकडे होते. सहा. सात. पाच. पुन्हा सहा.

लिफ्टवाला समोर बसला होता. त्यानं काकांबद्दल हळहळ व्यक्त केली, धाकट्याबद्दल वाईट वाटतं म्हणाला. न विचारता त्यानं आजची पावतीही पुढे ठेवली. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या गोदामात तो लिफ्ट दुरुस्त करत होता. गाडी आत नऊ बावन्नला, बाहेर अकरा सहाला. येताना काकांची बातमी कळली.

“एक विनंती होती,” तो म्हणाला. “नापास झालेल्या पावत्या परत मिळतील का? कुठे चुकलो ते बघून घेतो.”

चौदा वर्षांत नापास पावत्या भांडून पास करून घ्यायला खूप जण आले होते. परत न्यायला कुणी आलं नव्हतं. चाळणीनं चेहरा हलू दिला नाही आणि पावत्या मोजतेय असं दाखवून गठ्ठा उलटा केला.

आतापर्यंत ती पावत्यांची पाठच वाचत होती. मजकूर मागे, फुलीही मागे. पुढच्या बाजूला फाटकावरच्या यंत्रानं छापलेली वेळ होती. आत दहा वाजून दोन मिनिटं, बाहेर दहा वाजून आठ मिनिटं. मागे काकांचा आकडा सहा. पुढच्या पावतीवर नऊ चाळीस आणि नऊ सत्तेचाळीस. मागे सात.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच दवाखान्याची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून कोसळली होती. सहा माणसं मेली, त्यात दोन आजारी पोरं आणि लिफ्ट चालवणारा होता. चौकशीत या माणसानं देखभालीची वही दाखवली होती. दर महिन्याला दोन तास, वेळच्या वेळी. मग दोष आला मेलेल्या लिफ्टचालकावर, की त्यानं जास्त माणसं भरली. आणि हा पठ्ठ्या वर्षभर दवाखान्यात शिरून, वहीत सही ठोकून, सहा मिनिटांत बाहेर पडत होता. वर त्या सहा मिनिटांच्या पावत्या वजावट मागायला स्वतःच्या हातानं काकांना आणून देत होता. कुठलीही पावती सोडायची नाही, ही सवय त्याला काकांनीच लावली होती.

“काम झालंच नाही, तर कामासाठीचं पार्किंग कसलं?” ती म्हणाली. तिला वाटलं आपण मनात म्हणतोय.

लिफ्टवाला उठला. त्यानं दाराला आतून कडी लावली.

“अगदी हेच म्हणाले ते, काल फोनवर,” तो शांतपणे म्हणाला. “पावत्या चौकशीवाल्यांना देणार म्हणाले. मला वाटलं, बॅगेत असतील.”

“सहा माणसं मेली.”

“मेलेल्या लिफ्टचालकाला दोषानं काय फरक पडणार होता? मला दोन मुलं आहेत, बाई.”

पुढच्याच क्षणी टेलिफोनची वायर तिच्या गळ्याभोवती होती. त्या स्वच्छ नखांच्या हातांत भलताच जोर होता. तिचे पाय जमिनीवरून सुटले, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, पत्र्याचा डबा खणखणत खाली गेला. तिचा हात टेबलावर चाचपत राहिला. बिलं खोचून ठेवायची उभी सळई त्याला सापडली. तिनं ती मागे, जिथे लागेल तिथे खुपसली. ती त्याच्या तळहातातून आरपार गेली.

तो ओरडला. वायर सुटली. आणि त्याच वेळी दारावर थाप पडली. चार वाजले होते.

५

कडी तिनंच काढली. इन्स्पेक्टर जबाब घेऊन दारात उभा होता. त्याला दिसलं ते असं: लिफ्टवाला जमिनीवर बसून हात छातीशी धरून कण्हतोय, आणि चाळणीच्या हातात रक्तानं निथळणारी सळई.

“बाईंचं डोकं फिरलंय, साहेब,” लिफ्टवाला कण्हत म्हणाला. “भावावरचा आळ माझ्यावर ढकलतायत. नाही म्हटलं तर अंगावर आल्या.”

इन्स्पेक्टरनं तिचा हात पिरगाळून सळई काढून घेतली. “अख्खं घरच असं आहे का तुमचं?” तो म्हणाला.

घसा सुजल्यामुळे तिचा आवाज जेमतेम फुटत होता. ओरडून काही होत नाही, हे ती सकाळी शिकली होती. तिनं एकेक पावती उचलून त्याच्यापुढे मांडली. पाठ, मग पोट. दोन तास, मग सहा मिनिटं. दवाखान्याचं नाव वाचून इन्स्पेक्टरची पकड थोडी सैल झाली. त्या दिवशी प्रेतं बाहेर काढायला तोच गेला होता.

“पण आज हा गोदामात होता,” तो आजची पावती बघत म्हणाला. “नऊ बावन्न ते अकरा सहा.”

“वर्षभर हा दवाखान्यात सात मिनिटांवर थांबला नाही. आज सव्वा तास थांबला तो नेमका काका मेले तेव्हा? ही गाडीची पावती आहे, साहेब, माणसाची नव्हे. गोदामाच्या पहारेकऱ्याला विचारा.”

इन्स्पेक्टरनं फोन लावला. पहारेकरी म्हणाला, लिफ्टवाले साहेब आले, वहीत सही केली आणि नेहमीप्रमाणे लगेच गेले. आज मात्र गाडी इथेच ठेवून मागच्या दारानं चालत गेले. अकराला घामाघूम होऊन गाडी न्यायला आले.

लिफ्टवाला म्हणाला की तो चहा प्यायला गेला होता. त्यासाठी फाशी देतात का?

“हत्यार तर नाही ना मिळालं,” तो म्हणाला.

“मिळालं नाही, कारण तुम्ही सगळीकडे शोधलंत, एका जागेशिवाय,” चाळणी इन्स्पेक्टरला म्हणाली. “काकांच्या पायाशी लिफ्टचं दार आहे. दाराच्या उंबऱ्यावर रक्ताचा एक थेंब आहे. अर्धाच. दुसरी बाजू सुरीनं कापल्यासारखी सरळ, आणि वर दाराच्या पत्र्यावर एक शिंतोडासुद्धा नाही. दार मिटलेलं असताना थेंब पडला असता तर पत्र्यावर उडाला असता. तो पडला तेव्हा दार उघडं होतं आणि उरलेला अर्धा खाली गेला. बंद लिफ्टचं दार बाहेरून कुणाला उघडता येतं?”

इन्स्पेक्टरनं लिफ्टवाल्याच्या खिशात हात घातला. जुडग्यात एक आखूड, तीनकोनी तोंडाची किल्ली होती.

पाच वाजता त्या किल्लीनं दार उघडलं. खाली, लिफ्टच्या खड्ड्यातल्या तेलकट पाण्यात, हातभर लांबीचा लोखंडी पाना होता. त्याभोवती कामावर घालायचा निळा डगला गुंडाळलेला. बाजूला काकांची कातडी बॅग. पान्यावर केस चिकटले होते. धाकटा ओरडणं ऐकून उतारावरून वर धावला, तेव्हा हा निवांतपणे जिन्यानं खाली उतरत होता.

बातमी पोलिसांआधी खाली पोचली. सकाळचेच ड्रायव्हर जमले. कुणाच्या हातात जॅकचा दांडा, कुणाच्या हातात वीट. इन्स्पेक्टरसोबत दोनच शिपाई होते. लिफ्टवाल्याची विजार ओली झाली. गर्दीतला सकाळी सर्वांत पुढे असलेला ड्रायव्हर चाळणीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टावर धाकट्याचं रक्त अजून तसंच होतं.

“तुम्ही फक्त सांगा, बाई. हाच ना?”

तिच्या गळ्यावर वायरचा वळ ठणकत होता. तिनं काकांना पाहिलं होतं, त्या सहा जणांबद्दल वाचलं होतं, आणि हो म्हणावंसं तिला मनापासून वाटत होतं. एक शब्द पुरला असता.

“सकाळी माझ्या एका वाक्यावर तुम्ही एक माणूस मोडलात,” ती म्हणाली. “दुसरं वाक्य मिळणार नाही. हा माणूस कोर्टात जाईल.”

कुणीतरी वीट फेकलीच. ती तिच्या खांद्याला लागली. ती लिफ्टवाल्याच्या पुढून हलली नाही, आणि शिपायांनी त्याला गाडीत कोंबेपर्यंत दुसरी वीट आली नाही.

६

दवाखान्यात इन्स्पेक्टरनं स्वतः बेडी काढली. जबाबाचा कागद त्यानं तिच्यासमोर फाडला आणि माफीसारखं काहीतरी पुटपुटत निघून गेला. डॉक्टर म्हणाले, जगेल. जबडा दोन महिने बांधलेला राहील. डाव्या कानानं ऐकू येणार नाही. चालायला लागेल, पण पूर्वीसारखा नाही.

धाकटा जागा होता. एक डोळा सुजून मिटला होता, दुसरा तिच्याकडे लागला होता. ती त्याच्या उजव्या कानापाशी खुर्ची ओढून बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. पावत्या, सहा मिनिटं, गोदाम, अर्धा थेंब, खड्ड्यातला पाना. उद्याच्या वर्तमानपत्रात तू निर्दोष आहेस असं छापून येईल, म्हणाली. ड्रायव्हरांवर गुन्हा नोंदवायला लावीन, विमेवालीवरसुद्धा. ती इतकं भरभर बोलत होती, की मध्ये त्यानं हात हलवलेला तिला उशिरा दिसला.

त्याला पेन्सिल हवी होती. तिनं पर्समधून काढून दिली आणि एका पाकिटाची कोरी बाजू त्याच्यापुढे धरली. बोटं सुजलेली, त्यामुळे त्यानं फार सावकाश लिहिलं.

‘तुला खरंच वाटलं मी मारलं?’

सांगायला खूप होतं. समोर प्रेत होतं, त्याचे हात लाल होते, ती भांबावली होती, शब्द आपोआप निघाले. यातलं सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्यानं विचारलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. त्यानं विश्वास ठेवला असता, कारण लहानपणापासून तो तिच्यावर ठेवत आला होता.

“हो,” ती म्हणाली. “वाटलं होतं.”

त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीकडे वळायला लागला. बांधलेला जबडा आणि मोडक्या बरगड्या घेऊन वळायला त्याला बराच वेळ लागला. मदत करायला तिचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला, कारण तो तिच्यापासूनच वळत होता.